आगीच्या धोक्यामुळे परत बोलावलेली स्पोर्ट्स कार : दुसऱ्या मालकाने काय करावे?

प्रश्न : बाणेरचा वाचक

नमस्कार. गेल्या दिवाळीच्या सुमारास मी परदेशी बनावटीची, दोन दारांची एक स्पोर्ट्स कार विकत घेतली. गाडी सहा वर्षांची आहे. पहिले मालक मुंबईचे असल्याने तिचा क्रमांक एमएच ०२ चाच राहिला आहे. आरसी मात्र रीतसर माझ्या नावावर झाली आहे. कंपनीचे आणि मॉडेलचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष माझ्याच गाडीत आहे की नाही हे अद्याप ठरलेले नाही.

परदेशात राहणाऱ्या माझ्या मावसभावाने पंधरा दिवसांपूर्वी कळवले, की याच मॉडेलच्या काही गाड्या तिकडे कंपनीने परत बोलावल्या आहेत. इंजिनकडे जाणाऱ्या इंधनाच्या नळीचा जोड उष्णतेने सैल होऊन तेथून पेट्रोल झिरपू शकते आणि गाडी पेट घेऊ शकते, असे कारण दिले आहे. हे वाचल्यावर मला एक गोष्ट आठवली आणि झोप उडाली. टाकी पूर्ण भरल्यानंतर बालेवाडीच्या सिग्नलला थांबलो, की गेले दोन महिने पेट्रोलचा वास येत होता. पंपावर हाताला किंवा चपलेला लागले असेल, असे मी समजत होतो. रविवारी बॅटरीच्या उजेडात वाकून पाहिले, तेव्हा नळीच्या जोडाखाली रुपयाच्या नाण्याएवढा काळसर, ओलसर डाग दिसला. बाकी सर्वत्र धूळ कोरडी होती, तेवढ्याच जागी ती चिकटून बसली होती.

सर्व्हिस सेंटरला फोन केला असता, ‘तुमच्या नावावर काहीच दिसत नाही, पत्र आले असेल तर पहिल्या मालकांना आले असेल,’ असे उत्तर मिळाले. त्यानंतर दोनदा ई-मेल केला, पण उत्तर आलेले नाही. गाडी आमच्या सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये उभी आहे. वर अकरा मजले आहेत आणि पहिल्या मजल्यावर माझे आईवडील राहतात. अशी गाडी चालवत सर्व्हिस सेंटरपर्यंत नेणे योग्य आहे का, तिचा समावेश या मोहिमेत आहे की नाही हे कसे शोधावे आणि दरम्यान काही घडल्यास विम्याचे काय होईल, याबद्दल जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ : निवृत्त अभियंता, चिंचवड

सर्वप्रथम एक विनंती. हे वाचल्यानंतर गाडी सुरू करू नका. सोसायटीच्या दारापर्यंत नेण्यासाठीही नको आणि ‘एकदा पाहू या, अजून वास येतो का’ म्हणूनही नको. मी चौतीस वर्षे वाहन उद्योगात काढली, त्यांतील बरीचशी इंजिनाच्या चाचणी विभागात. पेट्रोलचा वास आणि जोडाखाली ओलसर डाग या दोन गोष्टी एकत्र दिसल्या, की आम्ही चाचणी तिथेच थांबवत असू.

पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीतही ठिणगीने पेट घेऊ शकते, मग पुण्याच्या उन्हाळ्याचे काय सांगावे. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली उतरते आणि बंदिस्त तळघरात जमिनीलगत साचून राहते. दुसरी बाब पुष्कळांच्या लक्षात येत नाही. गाडी धावत असताना समोरून येणारा वारा इंजिनाभोवतीची उष्णता वाहून नेतो. गाडी थांबवून इंजिन बंद केले, की तो वारा थांबतो आणि इंजिन व सायलेन्सर यांची साठलेली उष्णता आजूबाजूच्या नळ्यांवर आणि तारांवर जाते. त्यामुळे बंद केल्यानंतरची काही मिनिटे त्या पोकळीतील तापमान उलट वाढते. आपण लिफ्टमधून घरी पोचून हातपाय धुतो, तो वेळ नेमका हाच असतो.

स्पोर्ट्स कारमध्ये हा धोका अधिक का, याचे उत्तर तिच्या रचनेत आहे. मोठे इंजिन, त्याचा तापलेला एक्झॉस्ट, इंधनाच्या नळ्या आणि तेल हे सारे फार कमी जागेत कोंबलेले असते आणि अनेक मॉडेलांत ते चालकाच्या पाठीमागे असते, म्हणजे धूर आरशात दिसेपर्यंत कळतच नाही. मोठ्या नावाची गाडी असली म्हणून ती याला अपवाद ठरत नाही. फेरारीने २०१० मध्ये ४५८ इटालिया या मॉडेलच्या १,२४८ गाड्या परत बोलावल्या होत्या. तेथे इंजिनात काहीही बिघडलेले नव्हते. मागच्या चाकाच्या कमानीत उष्णतारोधक पत्रा बसवण्यासाठी वापरलेला गोंद तापून दगा देत होता, पत्रा वाकून एक्झॉस्टच्या जवळ जात होता आणि आग लागत होती. गोंदाऐवजी तो पत्रा धातूच्या जोडणीने पक्का करणे, हा त्यावरचा उपाय होता. लक्षावधी युरोची गाडी आणि दोष गोंदाचा! मी तरुण अभियंत्यांना शिकवायला जात असे, तेव्हा हे उदाहरण हमखास सांगत असे.

पोर्शेचे उदाहरण याहून बोलके आहे. २०१४ च्या सुरुवातीला ९११ जीटी३ या नव्या मॉडेलच्या दोन गाड्या युरोपात जळाल्या. कनेक्टिंग रॉडचा, म्हणजे पिस्टनला जोडलेल्या दांड्याचा बोल्ट सैल झाला, सुटलेल्या रॉडने क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे खालचे कवच फोडले आणि बाहेर आलेल्या तेलाने पेट घेतला, असे तपासात निघाले. कंपनीने जगभरातील सर्व ७८५ मालकांना गाडी चालवू नका असे सांगितले आणि पुढे त्या सगळ्या गाड्यांची इंजिने बदलून दिली. केवळ दोन गाड्या जळाल्या होत्या, तरी उरलेल्या ७८३ गाड्यांना वाट पाहायला लावले नाही. दोष मान्य करणाऱ्या कंपनीची अशा वेळी बदनामी होते असे मला वाटत नाही. माझ्या मनात तरी तिच्याविषयी आदर वाढला.

आपल्या गाडीतील दोष यांपैकी लॅम्बोर्गिनीच्या प्रकरणाला जवळचा वाटतो. २०१७ मध्ये त्यांनी अ‍ॅव्हेंटाडोर आणि व्हेनेनो मिळून सुमारे ५,९०० गाड्या परत बोलावल्या. टाकी अगदी काठोकाठ भरलेली असताना, विशेषतः उभ्या गाडीत इंजिन जोराने रेज केल्यास, इंधनाची वाफ गरम एक्झॉस्टपर्यंत पोचू शकत होती. आपल्याला टाकी भरल्यावरच वास येतो, म्हणून हे लिहिले. अर्थात आपल्याकडे जोडाखाली प्रत्यक्ष ओल दिसली आहे, तेव्हा केवळ वाफेचा प्रश्न आहे असे समजून टाकी अर्धी ठेवणे हा उपाय नव्हे.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. बॅटरीची तार काढायला जाऊ नका, कारण तार सुटताना उडणारी बारीक ठिणगीसुद्धा साचलेल्या वाफेला पुरते. चावी ‘ऑन’ करू नका. बहुतेक गाड्यांत त्याबरोबर इंधनाचा पंप क्षणभर चालतो आणि नळीत दाब येतो. नळीचा क्लिप स्वतः किंवा ओळखीच्या फिटरकडून आवळून घेऊ नका. उष्णतेने कडक झालेली नळी आवळताना चिरते आणि झिरपण्याऐवजी धार लागते.

गाडीचा समावेश आहे की नाही, हे ठरते ते चासी क्रमांकावरून. मालकाच्या नावाचा त्याच्याशी संबंध नसतो. हा सतरा अक्षरांचा क्रमांक आरसीवर असतो, पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात बाहेरून वाचता येतो आणि बहुधा दाराच्या खांबावरही असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच नसतात, त्यामुळे शून्यासारखे दिसेल ते शून्यच लिहावे. ‘माझ्या नावावर काय दिसते’ असे न विचारता ‘या चासी क्रमांकावर कोणते रिकॉल (गाडी परत बोलावण्याची मोहीम) प्रलंबित आहे’ असे विचारा, आणि तेही लेखी.

उत्तर २ : ग्राहक चळवळीतील कार्यकर्ती, सदाशिव पेठ

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. कायद्याच्या बाजूने काही भर घालते.

आपल्या देशात २०१२ पासून वाहन उत्पादकांची स्वेच्छेने गाड्या परत बोलावण्याची संहिता होती, परंतु ती स्वेच्छेचीच होती. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन ११०-अ हे कलम आले आणि त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. चालक, प्रवासी, रस्त्यावरील इतर लोक किंवा पर्यावरण यांना अपाय होईल असा दोष असल्यास केंद्र सरकार त्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते, आणि तसा आदेश झाल्यास कंपनीला गाडी दुरुस्त करून द्यावी लागते, बदलून द्यावी लागते किंवा तिची किंमत परत करावी लागते. गाड्यांचा प्रकार आणि संख्या यांनुसार १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे नियम सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी आहेत. आपली गाडी सहा वर्षांची आहे, म्हणजे वेळ दवडू नये. केंद्र सरकारच्या ‘वाहन’ या पोर्टलवर मालकाला दोषाची तक्रार नोंदवण्याची सोय आहे. ती आजच नोंदवावी. आपल्याकडे या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात, म्हणून एका मालकाच्या तक्रारीलाही वजन असते.

सर्व्हिस सेंटरने दिलेले उत्तर मला पटलेले नाही. पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेले असेल, हे समजू शकते. परंतु दोष गाडीत असतो आणि गाडी आज आपल्या ताब्यात आहे, तेव्हा जबाबदारी त्या जुन्या पत्त्यावर संपत नाही. कंपनीच्या भारतातील नोंदणीकृत कार्यालयाला स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. त्यात चासी क्रमांक, आरसीची प्रत, वास येऊ लागल्याचा काळ, डागाचे छायाचित्र आणि सर्व्हिस सेंटरला केलेल्या ई-मेलच्या तारखा द्या. शेवटी एवढेच विचारा, की या क्रमांकाची गाडी मोहिमेत आहे का आणि दुरुस्ती होईपर्यंत ती वापरणे सुरक्षित आहे का. या दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ असे लिहून देण्याची तयारी सहसा कोणी दाखवत नाही आणि तेथून हालचाल सुरू होते, असा माझा अनुभव आहे. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ठेवा. ती नोंद पुढे जिल्हा ग्राहक आयोगात उपयोगी पडते.

विम्याबद्दल दोन गोष्टी तपासा. केवळ थर्ड पार्टी विमा असेल, तर आगीने झालेले आपल्या गाडीचे नुकसान त्यातून मिळत नाही. सर्वसमावेशक विमा असेल, तर तो आपल्या नावावर झाला आहे का हे पाहा. गाडी विकत घेतल्यापासून चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवून तो हस्तांतरित करून घ्यावा लागतो आणि दुसऱ्या मालकांचे दावे याच मुद्द्यावर अडतात. त्याशिवाय, गाडीची वाजवी काळजी घेणे ही पॉलिसीतील अट असते. दोष माहीत असूनही गाडी रस्त्यावर आणली, असे दिसले तर विमा कंपनीला वादासाठी आयते कारण मिळेल.

उत्तर ३ : सोसायटीचा सचिव, औंध

मी आमच्या गृहसंस्थेचा सचिव आहे, त्यामुळे मला आपल्या गाडीपेक्षा त्या तळघराची काळजी अधिक वाटली, हे मोकळेपणाने सांगतो.

कृपया आजच आपल्या समितीला लेखी कळवा. लोक काय म्हणतील, गाडीची किंमत उतरेल, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. पण वरच्या अकरा मजल्यांवरील कुटुंबांना हे माहीत असण्याचा हक्क आहे. गाडी मोकळ्या जागेत, भिंतीपासून, झाडांपासून आणि इतर वाहनांपासून दूर उभी करण्याची परवानगी मागा. परदेशांत अशा मोहिमांमध्ये ‘गाडी घराबाहेर उभी करा’ अशी स्पष्ट सूचना दिली जाते. २०२१ मध्ये शेवरले बोल्ट या विद्युत गाडीच्या मालकांना तर इतर गाड्यांपासून ५० फूट अंतर ठेवण्यास सांगितले होते. ती बॅटरीची आग होती, येथे पेट्रोल आहे, पण अंतर ठेवण्यामागचा विचार तोच.

महाराष्ट्राच्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून घ्यावे लागते. आपल्या सोसायटीने ते खरोखर घेतले आहे का आणि तळघरातील स्प्रिंक्लरला पाणी येते का, हेही या निमित्ताने विचारा. आमच्याकडे २०२२ च्या मार्चमध्ये धानोरी परिसरात इलेक्ट्रिक स्कूटर जळाल्याची चित्रफीत सर्वांनी पाहिली, पुढच्याच महिन्यात ओला कंपनीने १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या, आणि त्यानंतर कुठे आमच्या सभासदांनी पंपाच्या दुरुस्तीचा ठराव संमत केला. तोपर्यंत तो पंप आठ महिने बंद होता. मी सचिव असताना बंद होता, याची खंत मला आजही आहे.

रखवालदारांनाही नीट सांगून ठेवा. धूर दिसल्यास बॉनेट किंवा मागचे झाकण उघडू नये, कारण हवा मिळताच ज्वाळा भडकते. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नये. कोरड्या पावडरचे अग्निशामक सुरुवातीच्या काही क्षणांतच उपयोगी पडते. त्यानंतर माणसांना दूर नेऊन १०१ वर फोन करणे हेच काम उरते.

उत्तर ४ : मीही यातून गेलो आहे, कोरेगाव पार्क

माझ्या गाडीचा दोष निराळा होता, कंपनीही बहुधा निराळी असेल, परंतु मीदेखील दुसरा मालक असल्याने सुरुवातीला मलाही कोणी विचारले नव्हते. चासी क्रमांकासह लेखी विचारणा केल्यानंतर नवव्या दिवशी फोन आला आणि गाडी नेण्याचा खर्च कंपनीनेच केला. तो मागायला संकोच करू नका. गाडी एक्स्प्रेस वेवरून चालवत नेऊ, असे मनात असेल तर ते काढून टाका. खंडाळ्याचा घाट आणि त्यातील खोळंबा या दोन्ही गोष्टी तापलेल्या इंजिनाला नको असतात.

फ्लॅटबेडची, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणाऱ्या सपाट ट्रकची व्यवस्था करताना एक अडचण येईल. ते वाहन तळघरात उतरत नाही आणि आपली गाडी जमिनीला इतकी टेकलेली, की उताराच्या वरच्या टोकाला तिचे पोट घासते. शिवाय चावी ‘ऑन’ न करता गिअर न्यूट्रल होत नाही. टो करणाऱ्यांकडे चाकांखाली सरकवण्याच्या छोट्या ट्रॉल्या असतात, त्या आणायला सांगा आणि उताराच्या तोंडाशी टाकण्यासाठी लाकडी फळ्या लागतील हेही आधी कळवा. आमच्याकडे हे न सांगितल्याने पहिली फेरी वाया गेली.

काम झाल्यावर जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर रिकॉल मोहिमेचा क्रमांक, बदललेल्या भागांची यादी आणि काम पूर्ण झाल्याची तारीख लिहून घ्या. नुसते ‘तपासणी केली’ असे लिहिलेले असेल तर सही करू नका. पुढे गाडी विकताना घेणारा हाच कागद प्रथम मागेल आणि त्याने तो मागावाच.

बाणेरचा वाचक

सर्वांचे मनापासून आभार. आपली उत्तरे वाचून त्याच संध्याकाळी समितीला पत्र दिले. कोणी रागावले नाही. उलट खालच्या पार्किंगमधील शेजाऱ्यांनी स्वतःच्या दोन गाड्या हलवून वाट मोकळी करून दिली. वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि कंपनीच्या मुख्य कार्यालयाला स्पीड पोस्टाने पत्र पाठवले. सहाव्या दिवशी ई-मेल आला. माझ्या चासी क्रमांकाची गाडी मोहिमेत आहे, तिचे पत्र तीन महिन्यांपूर्वी अंधेरीच्या पत्त्यावर गेले होते आणि दुरुस्ती होईपर्यंत ती चालवू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे वास येत असताना मी दोन महिने तिच्यातून आईला दवाखान्यात नेत होतो.

काल सकाळी टो करणारी माणसे ट्रॉल्या घेऊन आली. चार जणांनी गाडी ढकलत उतारापर्यंत आणली, फळ्या टाकल्या आणि दोरखंडाने इंचाइंचाने वर ओढून घेतली. तिच्या जागी फरशीवर हाताच्या तळव्याएवढा एक डाग राहिला होता. रखवालदाराने त्यावर वाळू टाकली, नंतर ती भरून बाहेर मोकळ्यावर नेली. माझा विमा अजूनही पहिल्या मालकांच्याच नावावर असल्याचे आढळले, त्याचा अर्ज आज दिला आहे. सर्व्हिस सेंटरने नळी, जोड आणि क्लिप हे तिन्ही भाग बदलणार असल्याचे लेखी कळवले आहे. सुटे भाग यायला तीन आठवडे लागतील. काम झाल्यावर जॉब कार्डवर नेमके काय लिहिले आहे, ते येथे कळवीन.